दुसऱ्यांदा येणारा रक्तदाता

मे महिना लागला की मुंबईतल्या रक्तपेढ्यांचे फ्रीज रिकामे व्हायला लागतात. कॉलेजं बंद, ऑफिसातली बरीचशी माणसं कोकणात नाहीतर घाटावर आपापल्या गावी, मंडळांचे कार्यकर्ते लग्नसराईत. मग आवाहनं सुरू होतात. पण मेच्या तुटवड्याचं गणित एप्रिलमध्येच ठरलेलं असतं. १४ एप्रिलला बाबासाहेबांच्या जयंतीची शिबिरं होतात, रक्त भरपूर जमतं. लाल पेशी मात्र पिशवीतल्या द्रावणानुसार ३५ किंवा ४२ दिवसच टिकतात, म्हणजे १९ मे किंवा फार तर २६ मेपर्यंत. पुरुषाला पुन्हा रक्त देता येतं ९० दिवसांनी आणि स्त्रीला १२० दिवसांनी. म्हणजे १४ एप्रिलचे दादा मोकळे होणार १३ जुलैला आणि ताई १२ ऑगस्टला. अख्खा जून त्यांना कितीही हाका मारल्या तरी उपयोग नाही.

उलट २६ जानेवारीच्या शिबिरात रक्त दिलेला पुरुष बरोबर २६ एप्रिलला मोकळा होतो. तीन महिन्यांपूर्वी आलेल्या त्या लोकांना त्या आठवड्यात एकेक फोन गेला तर मे महिन्याचा पहिला पंधरवडा तरी निभावतो. तो जात नाही, कारण नंबर मंडळाच्या वहीत असतात आणि वही कपाटात.

शिबिर संपल्यावर ‘किती पिशव्या झाल्या?’ हा एकच प्रश्न विचारला जातो. आमच्या मते त्याहून महत्त्वाचा प्रश्न वर्षभरानंतरचा आहे: त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा रक्त दिलेल्यांपैकी किती जण बारा महिन्यांत परत आले? पहिल्या वर्षात दुसऱ्यांदा आलेला माणूस बहुतेक वेळा पुढेही येत राहतो. त्याची नोंद असते, गट माहीत असतो, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, सिफिलिस हा गुप्तरोग, मलेरिया या तपासण्या त्याच्या रक्तावर आधीही झालेल्या असतात, त्यामुळे त्याचं रक्त जास्त भरवशाचं. पैसे घेऊन रक्त देण्याची पद्धत सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून बंद झाली. तेव्हापासून सगळा भार स्वेच्छेने येणाऱ्यांवर आणि ‘बदली रक्त आणा’ म्हटल्यावर धावपळ करणाऱ्या नातेवाइकांवर आहे. नातेवाईक एकदाच येतो, तोही घाबरलेला. त्याच्यावर कायमची व्यवस्था उभी राहू शकत नाही.

मुंबईत एक अडचण खास आहे. दात्याची ओळख मंडळाशी, सोसायटीशी, ऑफिसातल्या युनियनशी असते, पण त्याच्या रक्ताची माहिती असते रक्तपेढीकडे. मंडळ दरवर्षी वेगळी रक्तपेढी बोलावतं, मग कुठल्याच पेढीकडे त्या माणसाचा सलग इतिहास राहत नाही. गणपतीतल्या शिबिराला एक पेढी, शिवजयंतीला दुसरी, नगरसेवकाच्या वाढदिवसाला तिसरी, आणि तिन्हीकडे एकाच माणसाच्या नावाचं स्पेलिंग वेगळं. यावर तोडगा साधा आहे. मंडळाने एका पेढीशी निदान तीन वर्षांचा व्यवहार ठेवावा आणि कोण फोन करणार, कोण तारखा सांभाळणार हे दोघांनी आधी ठरवून घ्यावं. फोन मंडळातल्या ओळखीच्या माणसाने करावा, यादी पेढीने द्यावी. अनोळखी लँडलाइनवरून आलेला फोन लोक उचलत नाहीत, पण मंडळातल्या पोराने ‘दादा, तीन महिने झाले बरं का’ म्हटलं तर माणूस थांबून ऐकतो.

आता शिबिराबद्दल, कारण दाता टिकतो किंवा तुटतो तो तिथेच. औषध व सौंदर्यप्रसाधन नियमांत शिबिरासाठी माणसांचं प्रमाण दिलेलं आहे: सहा ते आठ खाटांसाठी एक डॉक्टर, दोन परिचारिका, तीन तंत्रज्ञ, दोन समाजसेवक आणि दोन मदतनीस. एवढ्या चमूने तीन तासांत ५० ते ७० किंवा पाच तासांत १०० ते १२० जणांचं रक्त घ्यावं. फ्लेक्सवर ‘५०० पिशव्यांचा संकल्प’ लिहिणाऱ्यांनी हा आकडा पाहावा. एका रविवारी तीनशे जणांना बोलावून दोन-दोन तास मांडवात उभं केलं, तर त्यातले पहिल्यांदा आलेले पुन्हा फिरकत नाहीत. आणि तीनशे पिशव्या एकाच दिवशी आल्या तरी त्यांची मुदत एकाच दिवशी संपते. त्यापेक्षा ७५-७५ ची चार शिबिरं, वर्षभर पसरलेली, दोघांच्याही सोयीची. शिबिर एकच घ्यायचं असेल तर निदान अर्ध्या तासाच्या वेळा वाटून द्या: अमुक इमारत दहा वाजता, अमुक चाळ साडेदहाला.

वार आणि तिथी दोन्ही बघा. प्लेटलेट्स, म्हणजे रक्तस्राव थांबवणाऱ्या पेशी, फक्त पाच दिवस टिकतात, २० ते २४ अंशांवर, सतत हलवत ठेवून. म्हणजे रविवारच्या शिबिरातल्या प्लेटलेट्स शुक्रवारपर्यंतच चालतात. मुंबईतली जवळपास सगळी मोठी शिबिरं रविवारी होतात आणि शुक्रवार-शनिवारी परळच्या कॅन्सरच्या रुग्णांसाठी शोधाशोध चालते. बीकेसी, सीप्झ, लोअर परळ इथल्या ऑफिसांनी बुधवारी-गुरुवारी शिबिरं घेतली तर त्याचं मोल रविवारच्या दुप्पट गर्दीपेक्षा जास्त आहे. तिथीचं म्हणाल, तर उपाशी माणसाचं रक्त घेत नाहीत. चार तासांच्या आत काहीतरी पोटभर खाल्लेलं हवं. आषाढी एकादशी, श्रावणी सोमवार, अंगारकी, हरितालिका, नवरात्र, रमजानचे रोजे या दिवशी शिबिर ठेवलं की अर्धे लोक टेबलावरून परत जातात किंवा खोटं सांगून खाटेवर जाऊन चक्कर येऊन पडतात. बेस्टचे चालक, मोटरमन, अग्निशमन दलाचे जवान यांना पुढची ड्युटी २४ तासांच्या आत असेल तर रक्त देता येत नाही, आणि रात्रपाळी करून झोप न झालेल्यालाही. डेपोतल्या शिबिरात ड्युटीचा तक्ता आधी मागून घ्या, नाहीतर उत्साहाने आलेल्या माणसाला दारातून परत पाठवावं लागतं.

परत पाठवणं हा या सगळ्यातला सर्वात दुर्लक्षित भाग. ज्याला एकदा ‘तुमचं रक्त चालत नाही’ असं ऐकवलं, तो तात्पुरत्या कारणासाठी परत गेलेला असला तरी कायमचा गेला असं समजा. टेबलावर बसणाऱ्याला दोन गोष्टी शिकवायच्या: आवाज खाली, आणि हातात चिठ्ठी. चिठ्ठीवर कारण आणि पुन्हा येण्याची तारीख, तारीख म्हणजे तारीखच, ‘काही महिन्यांनी’ नाही. डेंग्यू झाला असेल तर पूर्ण बरं झाल्यापासून सहा महिने, मलेरियाला तीन महिने, टायफॉइडला बारा महिने, टॅटू किंवा कान-नाक टोचल्यावर बारा महिने. सप्टेंबरमध्ये डेंग्यूतून उठलेला मुलगा ऑक्टोबरच्या शिबिरात आला तर त्याची तारीख मार्चमध्ये पडते. ती यादीत टाकली तर तो हातचा जात नाही.

परत जाणाऱ्यांत सर्वात जास्त संख्या कमी हिमोग्लोबिनवाल्यांची, आणि त्यात बायका. मर्यादा स्त्री-पुरुष दोघांनाही १२.५ ग्रॅमची. बऱ्याच शिबिरांत अजूनही निळ्या मोरचुदाच्या द्रावणात रक्ताचा थेंब टाकून पाहतात. द्रावणाची घनता १.०५३ असते, थेंब पंधरा सेकंदांत खाली गेला तर पास. चूक होते ती बोट पिळण्यात. सुई नीट खोल टोचली नाही की तंत्रज्ञ बोट दाबून दाबून थेंब काढतो, त्यात पेशींच्या मधल्या जागेतलं पाणी मिसळतं, थेंब तरंगतो आणि १३ ग्रॅमवाली मुलगी नापास होते. थेंबात हवेचा बुडबुडा गेला तरी तेच. म्हणून तरंगलेला प्रत्येक थेंब दुसऱ्या बोटावरून, शक्यतो हिमोग्लोबिन मीटरवर पुन्हा तपासावा. मिनिटभराचं काम आहे. खरोखर कमी भरलं तर आकडा लिहून द्यावा आणि डॉक्टरांना दाखवायला सांगावं. लोहाच्या गोळ्या नियमित घेऊनही आकडा हलत नसेल तर थॅलेसेमिया मायनरची (रक्तातल्या सौम्य आनुवंशिक दोषाची) तपासणी करून घ्यायला हवी, हे शिबिरात कुणी सांगत नाही. सांगायला हवं. अशा मुलीला तीन महिन्यांनी ‘आता किती आहे?’ एवढंच विचारणारा फोन करा. तिने रक्त दिलं नसलं तरी ती तुमचीच दात्री आहे.

वर्षातून चार वेळा रक्त देणारे पुरुषही हळूहळू याच रांगेत येतात. ३५० मिलिलिटर रक्ताबरोबर दीडशे मिलिग्रॅमच्या आसपास लोह जातं आणि साध्या आहारातून ते भरून यायला कित्येक आठवडे लागतात. रक्तातलं पाणी दिवसभरात भरून येतं म्हणून ‘काही होत नाही हो’ म्हणणं अर्धं खरं आहे. नेहमीच्या दात्याच्या गेल्या चार वेळच्या हिमोग्लोबिनचे आकडे शेजारी शेजारी लिहा. १५.१, १४.४, १३.६, १२.९ असा उतार दिसला तर एक फेरी सोडायला सांगा आणि जेवणाबरोबरचा चहा बंद करायला सांगा, कारण चहामुळे लोह नीट शोषलं जात नाही. स्वतःहून थांबा म्हणणारी रक्तपेढी लोकांच्या लक्षात राहते.

चक्कर हे न परतण्याचं दुसरं मोठं कारण. पहिल्यांदा आलेली, वीस-बावीस वर्षांची, वजनाने हलकी मुलं-मुली सर्वात जास्त गळतात. ४५ किलोच्या वर ३५० मिलिलिटर घेता येतं, ४५० मिलिलिटर फक्त ५५ किलोच्या वर. काठावरच्या वजनाला मोठी पिशवी लावू नका. सुई टोचण्याआधी दहा-पंधरा मिनिटं अर्धा लिटर पाणी पाजा, सरबतही चालेल. खाटेवर असताना मांड्या-पोटऱ्या पाच-पाच सेकंद आवळून सोडायला सांगा, त्याने रक्तदाब टिकतो. चेहरा पांढरा पडला, जांभया सुरू झाल्या, कपाळावर घाम आला की सुई काढा, पाय वर करा, आणि आजूबाजूला जमलेल्या सहा कार्यकर्त्यांना हाकला. बिस्किट-कॉफीच्या टेबलावर दहा-पंधरा मिनिटं बसवणं हा पाहुणचार वाटतो, पण खरं म्हणजे ती देखरेख आहे. तिथे एक माणूस फक्त चेहरे बघायला हवा. आणि मुंबईकराला हे स्पष्ट सांगा: आज लोकलच्या दारात उभं राहायचं नाही, गर्दीची फास्ट सोडून द्या, चक्कर वाटली तर जिथे असाल तिथे खाली बसा. रक्त दिल्यावर तासाभराने, घरी जाताना येणारी चक्कर मांडवातल्या चकरेपेक्षा धोक्याची असते.

ज्याला त्रास झाला त्याला त्याच संध्याकाळी फोन. बाकीच्यांना दुसऱ्या दिवशी निरोप पुरे: हात दुखतोय का, काळंनिळं झालंय का, पहिल्या दिवशी बर्फ, नंतर कोमट शेक. हे दोन वाक्यांचं विचारणं चकचकीत प्रमाणपत्रापेक्षा जास्त काम करतं. प्रमाणपत्र द्यायचंच असेल तर नाव बरोबर छापा.

भेटवस्तूंबद्दल आमचं मत कडक आहे. चहा, बिस्किट, येण्याजाण्याचा खर्च, एखादा बिल्ला इथपर्यंत ठीक. हेल्मेट, ट्रॉली बॅग, मिक्सर यांच्यासाठी आलेला माणूस गेल्या महिन्यातला ताप लपवतो, नवा टॅटू शर्टाच्या बाहीखाली झाकतो, महिन्यापूर्वी दुसरीकडे रक्त दिल्याचं सांगत नाही. संसर्ग झाल्यानंतर सुरुवातीचे काही दिवस तो तपासणीत दिसत नाही, म्हणून प्रश्नावलीतलं खरं उत्तर हाच तिथला एकमेव पहारा असतो. भेटवस्तू तो पहारा उठवते. शिवाय पुढच्या वर्षी तो बॅग देणाऱ्या मंडळाकडे जातो, तुमच्याकडे नाही.

नोंदवहीत, म्हणजे आता एक्सेलमध्ये, काय हवं? नाव, जन्मतारीख, मोबाइल, पेढीने पक्का केलेला गट (माणसाने सांगितलेला नव्हे), शेवटची तारीख, पुढची तारीख, थांबवलं असल्यास कधीपर्यंत, त्रास झाला होता का, आणि फोन केलेला चालेल का याची संमती. पत्त्यापेक्षा मुंबईत दोन स्टेशनं विचारा: रात्री कुठे, दिवसा कुठे. डोंबिवलीला राहणारा आणि अंधेरीला काम करणारा माणूस परळच्या रक्तपेढीत मंगळवारी संध्याकाळी येईल का, हे पिनकोडवरून कळत नाही. फोनची वेळही विचारा. सकाळी साडेआठला केलेला फोन गाडीत लटकणाऱ्या माणसाला जातो. दुपारी एक ते दोन किंवा रात्री आठनंतर बरं. बोलणं असं: ‘नमस्कार सर, २६ जानेवारीला आमच्या शिबिरात तुम्ही रक्तदान केलं होतं. तब्येत कशी आहे? मधल्या काळात दुसरीकडे दिलंत का? आता तुम्हाला पुन्हा देता येईल. शनिवारी सकाळी की सोमवारी संध्याकाळी?’ दुसरीकडे दिलं असेल तर रागवायचं नाही, ती तारीख टाकून नवी तारीख काढायची. ‘नंतर बघू’ म्हणाले तर एकदाच आणखी फोन, तिसरा नाही.

व्हॉट्सॲपची एक अडचण बऱ्याच जणांना ठाऊक नसते. ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण बसतात आणि ज्यांनी तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह केलाय त्यांनाच निरोप पोहोचतो. म्हणून नोंदणीच्या टेबलावरच नंबर सेव्ह करायला सांगा. ग्रुप करू नका, त्यात प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो. एकगठ्ठा एसएमएस पाठवायचे तर ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, नियमांप्रमाणे नाव आणि मजकूर आधी नोंदवावा लागतो, हे शिबिराच्या आदल्या दिवशी आठवून उपयोग नाही.

‘तातडीने बी पॉझिटिव्ह हवे’ छापाचे निरोप जपून वापरा. आत्ता दिलेलं रक्त आत्ता रुग्णाला चढत नाही. गट, पाचही तपासण्या, क्रॉसमॅच (रुग्णाच्या रक्ताशी जुळतं का ते पाहणं) यात तास जातात. तातडीला उपयोगी पडतं ते कपाटात तयार असलेलं. निरोप पाठवायचाच तर तारीख, वेळ, हॉस्पिटल, नेमका घटक आणि किती युनिट एवढं लिहा, आणि गरज भागल्यावर ‘गरज भागली’ हाही निरोप पाठवा. ठाण्याहून दादरला पोहोचलेल्या माणसाला ‘आता नको’ ऐकावं लागलं तर पुढच्या वेळी तो निरोप वाचणारही नाही.

हाक राखून ठेवावी ती निगेटिव्ह गटांसाठी, मशीनवरच्या प्लेटलेट्ससाठी (मशीन फक्त प्लेटलेट्स काढून बाकीचं रक्त परत देतं) आणि बॉम्बे या दुर्मीळ रक्तगटासाठी. मशीनवर प्लेटलेट्स देणाऱ्याला तास-दीड तास बसावं लागतं, आधीचे तीन दिवस ॲस्पिरिन घेतलेलं चालत नाही, ओठांभोवती मुंग्या आल्या तर कॅल्शियमची गोळी द्यावी लागते. हे सगळं फोनवरच सांगितलं तर माणूस तयारीने येतो. ४८ तासांनी पुन्हा देता येतात, वर्षाला २४ वेळा. म्हणून ऑगस्ट ते ऑक्टोबर डेंग्यूच्या दिवसांसाठी अशा दात्यांची वारानुसार पाळी लावता येते. बॉम्बे गट डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये याच शहरात प्रथम नोंदवला. नेहमीच्या चाचणीत तो ‘ओ’ दिसतो, उलट तपासणीत, म्हणजे त्याच्या रक्तातला द्रव दुसऱ्याच्या पेशींशी मिसळून पाहिल्यावर, ‘ओ’ पेशींशीही गुठळ्या होतात तेव्हा कळतं. आपल्याकडे साधारण दहा हजारांत एक. या माणसाला शिबिरात दर तीन महिन्यांनी बोलावू नये, गरज पडेल तेव्हाच. तो सापडला की त्याच्या सख्ख्या भावंडांची तपासणी करून घ्यावी, प्रत्येकाला चारात एक शक्यता असते, आणि फोन नंबर दर सहा महिन्यांनी चालू आहे का पाहावं.

शेवटी ज्यांना फोन करायचाच नाही त्यांच्याबद्दल. एखाद्याच्या तपासणीत काही सापडलं तर रक्तपेढी त्याला खाजगीत बोलावते, समुपदेशन करते, पुढच्या तपासणीला पाठवते. रिपोर्ट व्हॉट्सॲपवर जात नाही, मंडळाकडे तर नाहीच. मंडळाच्या यादीत त्याच्या नावापुढे फक्त ‘फोन नको’ असतं. तसंच गावी स्थायिक झालेल्या, ६५ ओलांडलेल्या आणि स्वतःहून नको म्हणालेल्या माणसांच्या नावापुढेही. कारणाचा रकाना मुद्दामच ठेवायचा नाही. म्हणजे यादी चाळणाऱ्या कार्यकर्त्याला कोण कशासाठी थांबलंय ते कळत नाही, आणि त्याने ते विचारूही नये.